नर्सरीसाठी तुळशीबागेतून घेतलेला कडीचा स्टीलचा डबा

लेकीला डिसेंबरअखेर ३ वर्षं पूर्ण होत होती म्हणून यंदा जूनला नर्सरीत घातलं. डबा मी आधी ऑनलाइन मागवला होता, प्लास्टिकचा, कप्पेवाला, वर ससा. दिसायला मस्त पण चारही बाजूंच्या क्लिपा इतक्या घट्ट की मलाच अंगठ्याने जोर लावायला लागायचा, तिने दोनदा ओढून बघितलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. वर्गात वीस पोरं, एक ताई, एक मावशी, त्या कोणाकोणाचे डबे उघडणार?

सासूबाई बालवाडीत शिकवायच्या. त्या म्हणाल्या एबीसीडी राहू दे गं, आधी हिला डबा उघडता आला पाहिजे, चड्डी वर करता आली पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडी काढली तेव्हा सुद्धा सुरुवात पोरांची नखं नि आंघोळ इथूनच होती, असं सासूबाई नेहमी सांगतात आणि मला ते मनापासून पटलं.

मग लेकीलाच घेऊन तुळशीबागेत गेलो. भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी तीन डबे तिच्यापुढे ठेवले, म्हणाले उघड बघू बाळा. दाबाच्या झाकणाचा हललाच नाही, फिरकीचा तिने उलटाच फिरवला, कडीच्या डब्याला मात्र कडीखाली अंगठा घातला आणि टक् करून उघडला!! मग लावला, परत उघडला, निघायलाच तयार नाही. २८० रुपये, झाकणावर नाव कोरून दिलं त्याचे वेगळे पैसे नाही घेतले.

मे महिनाभर रोज साडेदहाला चटईवर बसवून त्यातच खायला दिलं. तेव्हा एक कळलं, गरम पोळी ठेवून लगेच झाकण लावलं की ते आतून ओढून बसतं आणि तिला निघत नाही, म्हणून आता पोळी गार करूनच भरते.

रसभाजी अजिबात देऊ नका, गळते. पोळीचा रोल, थालीपीठाचे तुकडे, इडली एकदम बेस्ट. काठ आतून जरा धारदार असतो काही डब्यांचा, घेताना बोट फिरवून बघा. एक कडी महिन्यात सैल झाली होती, काकांनी पकडीने दाबून दिली, दोन मिनिटांचं काम.

पहिल्या दिवशी रडली, पण डबा रिकामा आला आणि दोन्ही कड्या नीट लावलेल्या होत्या.