चामखिळीसाठी नेमका कोणता डॉक्टर? काही महिन्यांच्या उपचारानंतरचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात सुरू केलेले आमचे चामखिळीचे उपचार आता संपत आले आहेत. रावेर-यावल भागातील नातलग आणि शेजारी "कोणाकडे दाखवायचे?" असे सतत विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. घरात रुग्ण दोघी होतो. माझ्या टाचेखाली एक आणि उजव्या हाताच्या बोटावर, अगदी नखाच्या कडेला, दुसरी अशा दोन चामखिळी होत्या, तर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यावर लहान लहान चामखिळींचा पुंजका होता.

टाचेवरच्या गाठीला सगळे जण कुरूपच म्हणत होते. केळीच्या बागेत अनवाणी वावरणाऱ्यांच्या पायाला कुरूप होणे आमच्याकडे नवे नाही, त्यामुळे औषधाच्या दुकानातून आणलेली कुरपाची पट्टी लावणे हा पहिला उपाय ठरला. तालुक्याच्या गावी सर्जनना दाखवले, तेव्हा त्यांनी भूल देऊन गाठ कापून काढण्याचा सल्ला दिला. जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र उपचाराचे नाव काढण्याआधी वरचा निबर थर पात्याने हळूहळू खरवडला आणि डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहिले. आत काळे ठिपके होते. ते बारीक रक्तवाहिन्यांत साकळलेले रक्त असते. कुरपावरून त्वचेच्या रेषा सलग जातात, येथे त्या गाठीपाशी तुटत होत्या. शिवाय सरळ दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर अधिक दुखत होते. म्हणजे ते कुरूप नव्हते, एचपीव्ही या विषाणूमुळे होणारी चामखीळ होती. तळपायाची चामखीळ कापून काढली तरी ती पुन्हा येऊ शकते आणि राहिलेला व्रण चालताना कायमचा टोचत राहतो, हेही तेथेच समजले. माझ्या मते तज्ज्ञाची फी या तपासणीसाठी असते, यंत्रासाठी नव्हे.

तज्ज्ञ कसा ओळखावा, याबद्दल थोडे लिहिते. त्वचारोगाची एम.डी. ही पदवी किंवा त्याच विषयाची पदविका पाहावी. या अभ्यासक्रमात त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे तिन्ही विषय एकत्र शिकवले जातात, म्हणून ते तिन्ही शब्द पाटीवर असतात. ती पाटी वाचून आमच्याकडच्या अनेक स्त्रिया पायरी चढायला कचरतात आणि शेजारच्या "स्किन अँड लेझर" लिहिलेल्या झगमगीत दालनात शिरतात, जेथे कित्येकदा केवळ सौंदर्योपचाराचे प्रमाणपत्र घेतलेली व्यक्ती बसलेली असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो. खासगी खर्च झेपत नसेल, तर जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवता येते. रांग लांब असते, पण तपासणारे त्याच विषयातील असतात.

टाचेसाठी क्रायो, म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवणे, हा उपचार दर तीन आठवड्यांच्या अंतराने झाला. मधल्या काळात रोज रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, मऊ झालेला थर घासून त्यावर सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे औषध लावायचे होते. गोठवताना आग होते, दुसऱ्या दिवशी फोड येतो आणि पाय टेकवताना जीव जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चामखीळ गेली, आणि त्याचे निम्मे श्रेय मी रात्रीच्या त्या कंटाळवाण्या घासण्याला देते. (गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्या नायट्रोजनच्या पिंपात ठेवतात, तसेच पिंप येथे पाहून आमचे हे चकितच झाले.)

बोटाला मात्र डॉक्टरांनी जाळण्याचे यंत्र लावले नाही. नखाजवळ जाळल्यास नखाच्या मुळाला इजा होऊन नख कायमचे वेडेवाकडे उगवू शकते, असे त्यांनी सांगितले. त्याऐवजी चामखिळीतच ड-जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, ज्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्या विषाणूची दखल घ्यावी लागते. इंजेक्शन गोठवण्यापेक्षाही अधिक दुखले. गाठ अजून पूर्ण गेलेली नाही, पण बरीच सपाट झाली आहे.

मुलीवर कोणताही उपचार केला नाही. लहान मुलांच्या चामखिळी बहुधा दोनेक वर्षांत आपोआप जातात, तेव्हा नखाने खरडू द्यायचे नाही आणि टॉवेल वेगळा ठेवायचा, एवढेच त्यांनी बजावले. बाहेर भरलेला प्रतीक्षाकक्ष असताना "काही करू नका" म्हणणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास तेथे बसला. सासूबाईंचा बिब्बा लावण्याचा आग्रह होता. त्याच्या तेलाने त्वचा भाजून डाग पडतात, हे डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले. सासूबाईंना स्वतःला मधुमेह आहे. अशा व्यक्तीने पायाला कुरपाची पट्टी किंवा अ‍ॅसिड परस्पर लावू नये, कारण बधिर पायावर झालेली जखम कळत नाही आणि ती चिघळते.

काही जागांसाठी आणखी एका तज्ज्ञाची गरज पडते. जननेंद्रियावरच्या चामखिळी त्वचारोगतज्ज्ञांच्याच कक्षेत येतात, मात्र स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गर्भाशयमुखाची तपासणीही करून घ्यावी. गुदद्वाराजवळच्या गाठीला मूळव्याध समजून परस्पर औषध घेऊ नये. ती चामखीळ असेल आणि आतपर्यंत गेली असेल, तर तेथे सर्जन लागतो. पापणीच्या कडेवरची गाठ नेत्रतज्ज्ञांना दाखवावी. उतारवयात नव्याने उगवलेली, झपाट्याने वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ तर चामखीळ म्हणून जाळूच नये. आधी तिचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो.

एक व्यावहारिक सूचना: नायट्रोजन साठवला तरी उडून जातो, त्यामुळे आमच्या डॉक्टरांकडे क्रायोचा वार ठरलेला असतो. चोपडा किंवा रावेरहून एसटीने निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून तो वार विचारून घ्यावा.