चालू खाते कोणत्या बँकेत? नेट आणि फोन बँकिंगच्या कसोटीवर सरकारी, खाजगी आणि सहकारी बँका

चालू खात्यावर व्याज मिळत नाही. त्यामुळे बँक निवडताना तपासायची ती सेवाच: पैसे वेळेवर जातात का, अडकले तर फोनवर कोण सोडवतो आणि या सगळ्यासाठी वर्षाला किती मोजावे लागतात. तरीही बहुतेक दुकानदार आणि छोटे कारखानदार शाखा जवळ आहे म्हणून किंवा बँकेचा प्रतिनिधी दुकानात आला म्हणून खाते उघडतात. नेट बँकिंगवर काय चालते आणि काय चालत नाही, हे पहिल्या मोठ्या पेमेंटच्या दिवशी कळते. हा क्रम उलटा हवा.

आधी सही कोणाची ते पाहा

पेढी एकट्याच्या मालकीची असेल तर काम सोपे. सही एक, मोबाइल एक, लॉगिन एक. यूपीआय जोडता येते, फोन बँकिंगचा टीपिन (फोनवर ओळख पटवण्याचा गुप्त क्रमांक) मिळतो आणि ॲपवरून जवळपास सगळे उरकते. तिन्ही प्रकारच्या बँकांत अशा खात्याला फारशी अडचण येत नाही.

भागीदारीत खाते ‘दोघांच्या सहीने’ चालणार असेल तर चित्र बदलते. चेकवर दोन सह्या लागतात, मग नेटवर एकट्याला पैसे पाठवू कसे द्यायचे? म्हणून बँक एक तर फक्त शिल्लक पाहण्याचे लॉगिन देते, नाही तर ‘मेकर-चेकर’ पद्धत लावते. हिशेबनीस पेमेंट भरतो, मालक मंजूर करतो. स्टेट बँकेत यासाठी वेगवेगळे प्रकार आहेत. ‘सरल’ एकाच वापरकर्त्यासाठी, ‘व्यापार’ आणि ‘विस्तार’ अनेक वापरकर्त्यांसाठी. अर्ज करताना चुकीचा प्रकार निवडला तर तो बदलायला पुन्हा फॉर्म, पुन्हा सह्या, पुन्हा शाखेत खेप. मोठ्या खाजगी बँकांत हीच व्यवस्था कॉर्पोरेट नेट बँकिंग या नावाने मिळते. कोणाला किती रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार, हे तिथे ठरवून घेता येते. छोट्या सहकारी बँकेत मेकर-चेकर मुळात आहे का, हाच पहिला प्रश्न.

भागीदारीचा करारनामा आणि बँकेला दिलेले अधिकारपत्र यांत नेट बँकिंगचा उल्लेख वेगळा लिहून घ्यावा. ‘खाते चालवण्याचा अधिकार’ एवढ्यावर बऱ्याच शाखा लॉगिन देत नाहीत आणि अर्ज परत येतो.

पैसे पाठवताना अडते कुठे

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची यंत्रणा सगळ्या बँकांची एकच आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक खेप. आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू आहे, किमान रक्कम २ लाख रुपये. आयएमपीएस लगेच पोहोचते, मर्यादा ५ लाख. फरक पडतो तो प्रत्येक बँकेने वरून घातलेल्या अटींमुळे.

पहिली अट दैनंदिन मर्यादेची. ॲपची मर्यादा वेगळी, नेट बँकिंगची वेगळी, आणि खाते नवीन असताना ती आणखी कमी ठेवलेली असू शकते. दुसरी अट नव्या लाभार्थीची, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे त्याची. खाते क्रमांक जोडल्यावर पहिले काही तास, कुठे कुठे पूर्ण २४ तास, मोठी रक्कम जात नाही. शनिवारी संध्याकाळी नवा पुरवठादार माल रोखून बसला असेल तर हीच अट आडवी येते. म्हणून पुरवठादार ठरला त्याच दिवशी त्याचे खाते जोडून ठेवावे. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी समोरच्या खातेदाराचे नाव दिसण्याची सोय बँकांनी विनाशुल्क द्यायची आहे. नाव जुळले तरच पुढे जा, कारण ही रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नावावर नाही.

शुल्काचा एक मुद्दा नजरेतून सुटतो. ऑनलाइन एनईएफटी मोफत असल्याचा नियम बचत खात्यांचा आहे. चालू खात्यावर बँक शुल्क लावू शकते. शाखेतून २ ते ५ लाखांच्या आरटीजीएसला जास्तीत जास्त साधारण २५ रुपये आणि त्यावरच्या रकमेला ५० रुपये, अधिक जीएसटी. बऱ्याच बँका ऑनलाइनला काहीच घेत नाहीत, पण ते दरपत्रकात वाचून खात्री करावी.

सहकारी बँक: दोन गोष्टी उघडून पाहा

गल्ल्यात रोकड जास्त येते अशा दुकानाला नागरी सहकारी बँक सोयीची वाटते, आणि ते खरेच आहे. भरणा पटकन होतो, काउंटरवरचा माणूस ओळखतो, शाखाधिकारी फोन उचलतो. पण खातेदाराला नेटवरून पैसे पाठवता यावेत अशी सुविधा द्यायला या बँकांना रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि भांडवल, बुडीत कर्जे यांचे निकष पाळणाऱ्या बँकेलाच ती मिळते. त्यामुळे ‘आमच्याकडे नेट बँकिंग आहे’ या वाक्याचा अर्थ कधी कधी फक्त शिल्लक आणि उतारा पाहणे एवढाच असतो. विचारायचा प्रश्न असा: ‘नेटवरून दुसऱ्या बँकेत आरटीजीएस करता येते का?’

दुसरी गोष्ट, आयएफएससी कोड (शाखेचा ओळख क्रमांक) पाहा. पहिली चार अक्षरे दुसऱ्याच मोठ्या बँकेची असतील तर ही बँक तिच्यामार्फत व्यवहार करते. रोजच्या व्यवहारात ते बिघडवणारे नाही, पण पैसे अडकले की चौकशी दोन बँकांतून फिरते.

कराचा भरणा करताना हा फरक नेमका जाणवतो. जीएसटी पोर्टलवर नेट बँकिंगच्या यादीत अधिकृत बँकाच दिसतात. यादीत नसलेल्या बँकेतून चलन काढताना बहुधा एनईएफटी-आरटीजीएस हा पर्याय घ्यावा लागतो. चलन १५ दिवस चालते आणि रक्कम तंतोतंत तीच पाठवावी लागते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, २० तारखेला संध्याकाळी हे करायला गेलात आणि रक्कम कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात) उशिरा दिसली तर व्याज तुमच्यावर. दोन दिवस आधी भरावे.

ठेव विमा तिन्ही प्रकारच्या बँकांना सारखाच, ५ लाख रुपयांपर्यंत, आणि चालू खात्यालाही लागू. मात्र मालकीच्या पेढीचे खाते आणि त्याच मालकाचे त्याच बँकेतले वैयक्तिक बचत खाते एकत्र मोजले जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. पगार आणि पुरवठादार ज्या रकमेवर अवलंबून आहेत ती सगळी एकाच बँकेत ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

मोठ्या बँकांची सेवाही बंद पडते

वारंवार बंद पडणाऱ्या सेवेमुळे डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेच्या नव्या डिजिटल योजना थांबवल्या. ते निर्बंध पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. खाजगी बँकांची ॲप वापरायला सोपी असतात, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालण्याजोगा उतारा चटकन निघतो, मर्यादा वाढवायला शाखेत जावे लागत नाही. तरी पगाराच्या दिवशी सर्व्हर पडला तर पर्याय हाताशी हवा. दुसऱ्या बँकेतले छोटे चालू खाते हा आमच्या मते चैनीचा खर्च नाही. मात्र कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट (खात्यावरच मिळणारे कर्ज) घेतलेला असेल तर दुसरे खाते उघडण्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. आधी कर्ज देणाऱ्या बँकेला विचारावे.

फोन बँकिंगकडून अपेक्षा किती

फोनवरून मोठी पेमेंट होतील असे समजू नका. फोनचा खरा उपयोग थांबवण्यासाठी: कार्ड, लॉगिन, हरवलेला चेक. टीपिन एका माणसाचा असतो, म्हणून दोन सह्यांच्या खात्यात फोनवर माहितीही त्रोटक मिळते.

खाते उघडण्याआधी रविवारी रात्री नऊला त्या बँकेच्या क्रमांकावर फोन करून पाहा. मराठीचा पर्याय कितव्या बटणावर आहे, माणसाशी बोलायला किती मिनिटे लागतात आणि ‘फसवणूक झाली’ हा पर्याय सुरुवातीलाच आहे की चार बटणांनंतर, हे लिहून ठेवा. सरकारी बँकांचे कॉल सेंटर तक्रार नोंदवते, पण चालू खात्याची बरीच कामे पुन्हा मूळ शाखेकडे ढकलली जातात. मोठी शिल्लक असेल तर खाजगी बँक रिलेशनशिप मॅनेजर देते. तो बदलला की नवा क्रमांक मागून घ्यावा. सहकारी बँकेत शाखाधिकाऱ्याचा मोबाइल हीच फोन बँकिंग, आणि सुटीच्या दिवशी तो आधार नसतो.

फसवणूक झाली तर मिनिटे मोलाची असतात. जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा तुमची नसून तिसरीकडे झाली आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवले तर लघुउद्योगाच्या चालू खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि मोठ्या खात्यांना २५,००० रुपयांपर्यंत झळ बसते. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान तुमचे. बँकेबरोबर १९३० या सायबर मदत क्रमांकावरही लगेच तक्रार करावी.

बँकेचा क्रमांक गुगलवर शोधू नये, तिथे खोटे क्रमांक पेरलेले असतात. कार्डाच्या मागचा किंवा ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या संकेतस्थळावरचा घ्यावा.

खर्चाचा हिशेब

किमान शिल्लक मासिक सरासरीची आहे की तिमाही, हे नक्की विचारा. तिमाही सरासरी २५,००० असेल तर ९० दिवसांत एकच दिवस २२.५ लाख राहिले तरी ती भरते. मासिक असेल तर प्रत्येक महिन्याला वेगळी भरावी लागते. रत्नागिरीच्या आंबा व्यापाऱ्याला किंवा नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला या फरकाने मोठा दंड वाचतो, पण हंगाम संपल्यावरच्या तिमाहीत शिल्लक राहत नसेल तर कमी शिल्लकेचे खातेच बरे. रोख भरण्याची मोफत मर्यादा, त्यापुढचा दर हजारी आकार आणि दुसऱ्या शाखेत भरल्यास वेगळा दर आहे का, हेही पाहावे. किराणा दुकानाचा वर्षाचा खर्च बहुधा इथेच वाढतो.

आमचा कौल

एकट्या मालकाची, बहुतेक यूपीआय आणि आरटीजीएसवर चालणारी पेढी असेल तर खाजगी बँक. सरकारी कंत्राटे, सरकारी कर्ज योजना किंवा तालुक्याच्या गावी शाखा लागत असेल तर स्टेट बँक किंवा बँक ऑफ महाराष्ट्रसारखी सरकारी बँक, पण मेकर-चेकर पहिल्याच अर्जात मागून. रोकड भरणाऱ्या दुकानाला सहकारी बँक चालेल, जोडीला कर आणि पगारासाठी दुसरे खाते ठेवून.

खाते उघडायला मालकीच्या पेढीला पॅन, ओळखपत्र आणि व्यवसायाचे दोन पुरावे लागतात: उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, गुमास्ता (दुकान नोंदणी) यांपैकी. शाखेतून उठण्याआधी दैनंदिन मर्यादा, नव्या लाभार्थीचा थांबा आणि किमान शिल्लक मोजण्याची पद्धत ईमेलवर लेखी मागून घ्या. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, तेव्हा हाच ईमेल जोडायला लागतो.