वर ‘प्रिझर्वेटिव्ह नाही’, खाली ‘24 महिने टिकेल’, आणि तरी फसले

सहा बाटल्यांचे पैसे आगाऊ भरले. प्रत्येकी 200 मिली, म्हणजे एकूण 1,200 मिली. हाती आल्या चार. तीन मोजपात्रात ओतून पाहिल्या तर एकेकीत 180. चौथीही तेवढीच धरली तर एकूण 720 मिली पाणी! पाणीच म्हणते, कारण ‘घरगुती जवस-मेथी-जास्वंद रिन्स’ (केस धुतल्यावर शेवटी ओतायचं पाणी) म्हणून विकलेल्या त्या द्रवात ना जवसाचा बुळबुळीतपणा, ना मेथीचा वास.

बाकी तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे: आधीचे-नंतरचे फोटो, ‘शेवटच्या काहीच बाटल्या’, पैसे पोचल्यावर तुटक उत्तरं, मग ब्लॉक. ते सोडा. मला झोंबतं ते लेबल. वरच्या ओळीत ‘प्रिझर्वेटिव्ह नाही’, तिच्या लगेच खाली ‘24 महिने टिकेल’. दोन्ही ओळी वाचल्या आणि टोपण उघडलं. पाण्यात उकळलेली वनस्पती बाहेर दोन दिवसांत आंबते, फ्रिजमध्येही आठवडाभराच्या पुढे भरवसा नाही, हे मला माहीत नव्हतं का? होतं! मूर्ख म्हणा हवं तर. पण जवस गाळायचा ज्यांनी कधी कंटाळा केलाय, त्यांनी तरी म्हणू नका.

आत काय होतं? चमचाभर द्रवात चिमूटभर हळद टाकली, ती लालसर तपकिरी झाली. हळद अशी होते ती अल्कलीत. म्हणजे खायचा सोडा किंवा त्याचाच कुणी भाऊबंद. सोड्याच्या पाण्याचा पीएच (7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) 8 च्या वर, केसाचा साधारण 3.7, टाळूचा 5.5 च्या आसपास. अल्कलीने केस फुगतो, वरचे खवले उघडतात, ओल टिकत नाही. पहिल्या धुण्याला तेल निघून केस ‘हलके’ वाटतात, तीच तर मेख. तिसऱ्या-चौथ्याला कंगवा अडकतो. विचारलं की ‘डिटॉक्स चालू आहे, अजून दोन बाटल्या वापरा’. डिटॉक्स हा शब्द ऐकलात की तिथेच थांबा.

खरं करायला किती लागतं? दोन मोठे चमचे जवस, 500 मिली पाणी, मंद आच, ढवळत आठ-दहा मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच गाळा. गार झालं की गाळणीतून थेंब उतरत नाही, सगळ्यांचं इथेच बिघडतं. जेलच्या दुप्पट पाणी घालून शेवटच्या धुण्याला वापरा. पाणी क्षारांचं, जड असेल तर 500 मिलीत 15 मिली ॲपल सायडर व्हिनेगर, आठवड्यातून एकदाच, मग साध्या पाण्याने धुवा. व्हिनेगर पाणी न घालता लावू नका, टाळू भाजते. लिंबू लावून उन्हात जाऊ नका. कोरफडीचा पिवळा चीक आधी निथळू द्या. कोरड्या हवेत ग्लिसरीन जास्त झालं तर ते केसातलंच पाणी ओढतं. आणि रिन्स केसात ओल भरत नसते, असलेली धरून ठेवते; ‘आतून ओलावा’ म्हणणारा विकायला बसलेला असतो.

आता तक्रारीचं ऐका. जिथून पैसे भरले ते म्हणाले, हा तुमचा आणि विक्रेत्याचा व्यवहार. पोलीस म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठी? पुढच्या कार्यालयात: घरगुती वस्तू आमच्याकडे येत नाही. त्याच्या पुढच्या: कॉस्मेटिक आहे, मागे जा. मागे गेले तर साहेब जेवायला. बाटली दाखवली तर ‘उघडलेली चालत नाही, तुम्हीच काही मिसळलं असेल’. बरं, न उघडलेली नेली तर ‘वापरलीच नाही, मग नुकसान कसलं?’ ऑनलाइन तक्रारीत बिल क्रमांकाशिवाय पान पुढे सरकत नाही, आणि बिल मागितलं तेव्हाच तर ब्लॉक झाले होते! सात दिवसांनी मेसेज आला: ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढली आहे.’ कुणाचं समाधान झालं, तेवढं लिहायचं राहिलं.

पैसे भरण्याआधीच चॅटचे स्क्रीनशॉट काढा, नंतर प्रोफाइलही दिसत नाही. पार्सल कॅमेऱ्यासमोर फोडा. मिली मोजा.

चौथी बाटली तशीच सीलबंद ठेवली आहे. लेबलप्रमाणे अजून 22 महिने चांगली आहे.