एलओ २०६ चा क्लच आणि मागचं स्प्रॉकेट : सात महिने वापरून

एप्रिलमध्ये माझ्या रेसिंगच्या गो-कार्टला नवा ड्राय (तेलात न बुडणारा) क्लच घेतला आणि ऑक्टोबरअखेर त्याचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून धरणारे तुकडे, दुसऱ्यांदा बदलले. मधल्या काळात इंडियानातल्या न्यू कॅसलच्या ट्रॅकवर जवळजवळ एकाआड एक शनिवार गेलो. त्या वापरावरून लिहितोय. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत यावर काही सापडलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर.

इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एलओ २०६ : २०४ सीसी, फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड. कारखान्यातूनच सील होऊन येतं, आत हात घालायचा नाही, आणि ६१०० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे झाले की) लिमिटर इग्निशन स्वतःच थांबवतो. ताकद सगळ्यांकडे सारखी. ती चाकापर्यंत कशी पोचवायची तेवढं आपल्या हातात, म्हणजे क्लच आणि गिअर (चेनच्या पुढच्या-मागच्या दातेरी चक्रांचं, म्हणजे स्प्रॉकेटांचं, प्रमाण).

लूना चालवलेल्यांना हा क्लच वेगळा समजावायला नको. इंजिनाचा वेग वाढला की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला धरतात आणि गाडी निघते. शूंना आत ओढणाऱ्या स्प्रिंग जितक्या कडक, तितका क्लच उशिरा धरतो. कार्टमध्ये या स्प्रिंग बदलून तो आकडा आपल्याला हवा तसा बसवता येतो.

क्लचसोबत आलेल्या तक्त्यात माझ्या स्प्रिंगच्या जोडीपुढे ३३०० लिहिलं होतं, म्हणजे क्लच ३३०० आरपीएमला धरणार. मी ते खरं धरलं. महिनाभर प्रत्येक संथ वळणातून बाहेर पडताना इंजिन ओरडायचं आणि पुढची कार्ट मात्र लांब जायची. एकदा फोनवरचा व्हिडिओ बाबांना कोल्हापूरला पाठवला. उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय. चित्र न बघता नुसता आवाज ऐकून ते म्हणाले, "अरे, क्लच घसरतोय तुझा. आवाज आधी चढतोय, गाडी मागनं येतीय." गार्ड काढून बघितलं तर ड्रम निळा पडलेला, शूंवर काचेसारखी चकाकी आणि जळक्या क्लचचा तो ओळखीचा वास.

मग मोजलं. कार्ट जमिनीवर, समोर कोणी नाही, ब्रेक पूर्ण दाबलेला. गॅस एका दमात पूर्ण द्यायचा, आरपीएम मीटरवरचा आकडा जिथे अडतो तो वाचायचा आणि दोन सेकंदांत सोडायचा, नाहीतर क्लच जागेवरच भाजतो. आकडा आला ३५५०. तक्त्यापेक्षा अडीचशे जास्त. तेव्हापासून तक्त्यावर माझा विश्वास नाही, मीटरवरच आहे.

आता गिअर. पुढच्या स्प्रॉकेटला २० दात, मागच्याला ६४, म्हणजे प्रमाण ३.२०. सरळ पट्ट्याच्या शेवटी ५९०० दिसायचे. पण माझ्या लेकीने मायक्रॉनमधला (MyChron, कार्टवरचं नोंदी ठेवणारं मीटर) जीपीएसचा वेग आणि आरपीएम एकमेकांवर ठेवून दाखवले, तेव्हा खरी गोष्ट कळली. सगळ्यात संथ वळणात चाकाच्या वेगाने हिशेब केला तर इंजिन २८८० वर असायला हवं. क्लच पकडणार ३५५० ला! मधल्या पावणेसातशे आरपीएममध्ये प्रत्येक लॅपला नुसती उष्णता तयार होत होती. माझं सगळं लक्ष वरच्या आकड्याकडे होतं, घोटाळा खालच्या आकड्यात होता.

मागे ६६ चं स्प्रॉकेट लावलं. खालचा आकडा २९७० झाला, वरचा ६०८५. फायदा जेमतेम नव्वदचा, आणि ६७ लावलं तर लिमिटर लागणार. म्हणजे गिअरने जेवढं जमायचं तेवढं संपलं, उरलेलं अंतर क्लचनेच खाली यायला हवं होतं. स्प्रिंग मऊ करत करत ३०५० वर आणला. मध्ये हव्यासाने २७५० करून बघितलं, तेव्हा रोलिंग स्टार्टला (चालत्या गाड्यांनीच शर्यत सुरू होते तेव्हा) इंजिन दबलं आणि चार जण पुढे गेले. ३०५० वर मात्र पाय ठेवला की कार्ट निघते. दोन्ही बदल मिळून लॅपमागे चार दशांश सेकंद मिळाले, आणि ड्रम पुन्हा निळा पडला नाही.

पुढचं स्प्रॉकेट शक्यतो हलवू नका. २० चं १९ केलं की मागे तीन-साडेतीन दात वाढवल्यासारखं होतं, बारीक फरक साधत नाही. मागचं स्प्रॉकेट बदललं की चेनचा ताण दर वेळी बघा.

तक्रार एकच, स्प्रिंगची. उष्णतेने त्या ढिल्या पडतात. जुलैत ३०५० असलेला आकडा सप्टेंबरात २९०० झाला होता, हात न लावता. आता दर तिसऱ्या शनिवारी सरावानंतर, क्लच गरम असतानाच मोजतो. सकाळी थंड असताना येणारा आकडा वेगळा असतो. तेलाबद्दल सांगायचं तर माझ्या क्लचच्या बुशला एकच थेंब, तोही काडीने. जास्त झालं तर ते शूंवर जातं, आणि तेल प्यायलेले शू मला फेकूनच द्यावे लागले.

हाच क्लच पुन्हा घेईन. सोबत स्प्रिंगचे दोन जादा संच आणि मागे ६३ पासून ६८ पर्यंतची स्प्रॉकेटं पहिल्याच दिवशी घेईन. जुने शू पिशवीत घालून ठेवलेत. डिसेंबरात कोल्हापूरला जाईन तेव्हा बाबांना ते हातात घेऊन बघायचेत.