‘आदाम ते ख्रिस्त’ वंशावळीचा तक्ता : एका अर्जनवीसाने काढलेल्या त्रुटी

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कचेरीबाहेर माझं टेबल आहे. जात पडताळणीच्या फायली आणि त्यातलं वंशावळीचं शपथपत्र हे माझं रोजचं काम. पणजोबापासून अर्जदारापर्यंत चौकोन काढायचे, रेघा जोडायच्या आणि प्रत्येक चौकोनाला कागद लावायचा. कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, शाळेचा दाखल-खारीज उतारा, जे हाती लागेल ते. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. त्यामुळे सदर नावाच्या भागातल्या ख्रिस्ती साहित्याच्या एका दुकानात भिंतीवर आदामापासून येशूपर्यंतची वंशावळ टांगलेली दिसली, तेव्हा हात आपोआप खिशात गेला. दुकानातला पोरगा म्हणाला, “घ्या ना काका, सगळ्या नावांचे मतलब पण लिहून आहेत याच्यात.” ३५० रुपये. घेतला.

दुकानाचं आणि छापणाऱ्याचं नाव देत नाही. मला कोणाशी भांडायचं नाही, तक्त्याबद्दल सांगायचं आहे.

आधी वस्तू कशी आहे ते. साधारण तीन फूट बाय दोन फूट, जाड कागद, वरून लॅमिनेशन. छपाई स्वच्छ, रंग भडक नाहीत. पण नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोरच्या भिंतीवर लावू नका. ओल चढते आणि लॅमिनेशन कोपऱ्यातून सुटतं. माझ्याकडे यारेद आणि हनोख यांच्या मधोमध रुपयाएवढा फुगा आला आहे, बोटाने दाबला की महललेलकडे सरकतो.

दुसरी गोष्ट नावांची. हा तक्ता हिंदीतून मराठीत आणताना घाई झालेली आहे. वर आदाम, शेथ, अनोश अशी आपल्या मराठी शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली नावं आणि खाली एकदम ‘दाऊद’, ‘सुलैमान’. दावीद आणि शलमोन म्हणत मोठी झालेली आमची मंडळी तिथे अडखळतात. आमच्या फायलीत एका कागदावर ‘रामा’ आणि दुसऱ्यावर ‘रामाजी’ असलं तरी त्रुटी निघते, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं वेगळं शपथपत्र जोडावं लागतं. इथे राजाचंच नाव दोन तऱ्हेचं, एकदा मधल्या पट्टीत दाऊद आणि एकदा तळटिपेत दावीद.

आता कामाचं. डाव्या बाजूला उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातले दहा पुरुष आडव्या पट्ट्यांनी दाखवले आहेत, जितकं आयुष्य तितकी लांब पट्टी. आदाम ९३० वर्षं, यारेद ९६२, मथुशलह ९६९, आणि मधेच हनोखची आखूड पट्टी ३६५ ची. ही कल्पना मला फार आवडली, कारण वाचताना न दिसणारी गोष्ट इथे डोळ्यांना दिसते. मथुशलहला १८७ व्या वर्षी लामेख झाला, लामेखला १८२ व्या वर्षी नोहा, आणि नोहा ६०० वर्षांचा असताना जलप्रलय. बेरीज करा, ९६९. म्हणजे म्हातारा गेला त्याच वर्षी पूर आला. तक्त्यावर त्याची पट्टी पुराच्या निळ्या रेघेला बरोबर टेकून थांबते. ज्याने हे आखलं त्याला गणित येतं.

पण हे आकडे इब्री (हिब्रू) प्रतीतले आहेत, एवढं एका ओळीत लिहायला हवं होतं. जुन्या ग्रीक भाषांतरात शेथ झाला तेव्हा आदाम १३० नव्हे, २३० वर्षांचा आहे. त्याच भाषांतराच्या काही हस्तलिखितांचे आकडे धरले तर मथुशलह पुरानंतरही १४ वर्षं जगतो. नोहाच्या तारवात (जहाजात) तर आठच माणसं होती, त्यात तो नव्हता. मग पोहत होता का काय, हे विचारायला जुन्या टीकाकारांनी कमी केलेलं नाही.

नावांच्या अर्थांसाठी म्हणून लोक हा तक्ता घेतील, तर त्यावर जरा थांबतो. सगळ्यात छान काम याकोबाच्या मुलांच्या चौकटीत झालं आहे. तिथे नुसता अर्थ दिलेला नाही, नाव ठेवणाऱ्या आईचं म्हणणं दिलं आहे. याकोबाची बायको लेआ नावडती. तिला मुलगा झाला, तिने नाव ठेवलं रऊबेन, ‘पाहा, मुलगा’. दुसरा शिमोन, देवाने ऐकलं म्हणून. तिसरा लेवी, आता तरी नवरा मला जोडून राहील म्हणून. चौथ्याला तिने नवऱ्याचा नाद सोडला आणि म्हणाली, आता परमेश्वराची स्तुती करते. तो यहूदा. चार नावांत एका बाईचा सगळा संसार आला. पुढे त्याची दुसरी बायको राहेल बाळंतपणात जाताना शेवटच्या मुलाला बेनओनी म्हणते, माझ्या दुःखाचा पुत्र. बाप ते बदलून बन्यामीन करतो, उजव्या हाताचा पुत्र. तक्त्यात दोन्ही नावं आहेत, पहिलं फिक्या शाईत. हे कोणीतरी विचार करून केलेलं आहे.

आपल्याकडे धोंडू, दगडू, नकुसा ही नावं ज्यांनी घरात ऐकली आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या टेबलावर नकुसा नावाच्या आज्या वंशावळीत येतात. नातू लाजत सांगतो, मी लिहून घेतो.

आदाम म्हणजे अदामा, माती, हे बरोबर. आदामाचा मुलगा हाबेल, त्याच्या नावाचा अर्थ मात्र ‘मेंढपाळ’ छापलाय. तो त्याचा धंदा होता, नावाचा अर्थ वेगळा. इब्रीत हेबेल म्हणजे वाफ, फुंकर. उपदेशकाच्या पुस्तकात सुरुवातीलाच ‘व्यर्थ, सर्व काही व्यर्थ’ येतं ना, तिथे मूळ शब्द हाच आहे. दोन ओळींत मारल्या जाणाऱ्या माणसाला ते नाव किती लागू पडतं बघा, आणि तक्तेवाल्याने तेच घालवलं.

एक गोष्ट तर नजरेसमोर असून त्यांना दिसलेली नाही. राजांची यादी वाचा: उज्जीया, हिज्कीया, योशीया, यखन्या. शेवटी ‘या’. तो परमेश्वराच्या यहोवा या नावाचा आखूड भाग. यहोशाफाट, योथाम यांच्यात तेच नाव ‘यहो’, ‘यो’ होऊन सुरुवातीला येतं. शमुवेल, दानीएल, शलतीएल यांच्यातला ‘एल’ म्हणजेही देव. हे एवढं एका पट्टीत दिलं असतं तर चर्चच्या संडे स्कूलच्या पोरांनी पन्नास नावं स्वतःच सोडवली असती. त्याऐवजी प्रत्येक नावापुढे वेगवेगळं भारदस्त वाक्य आहे.

आणि तळाशी सोनेरी चौकटीत ते नेहमीचं. आदामापासून नोहापर्यंत दहा नावांचे अर्थ ओळीने लावले की त्यातून तारणाचा संदेश तयार होतो म्हणे. प्रवचनात हे ऐकलं की टाळ्या पडतात. पण वाक्य जुळवण्यासाठी केनानला ‘दुःख’ करावं लागतं, मथुशलहला ‘त्याचा मृत्यू आणील’ आणि लामेखला ‘निराश’. केनानला विलापगीत या अर्थाच्या इब्री शब्दाशी ओढूनताणून जोडलंय, त्यापेक्षा ते नाव हाबेलचा भाऊ काइन याच्या नावाजवळचं आहे. मथुशलहमधला ‘शलह’ बहुतेक अभ्यासक शस्त्र, भाला असा लावतात. लामेखचा अर्थ तर कोणालाच खात्रीने लावता आलेला नाही. मी श्रद्धावान माणूस आहे, आजोबांच्या पिढीपासून. पण पक्षकाराला पाहिजे ते निघावं म्हणून कागद वाकडा वाचायचा नाही, हा माझ्या धंद्याचा नियम आहे आणि तो घरी गेल्यावर बदलत नाही.

आता माझी मुख्य हरकत. येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानात मत्तय सांगतो, अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, तिथून बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासापर्यंत चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. तक्त्याने तीन रंगांत तीन चौदा दाखवले आहेत, दिसायला सुंदर. पण तिसऱ्या रंगातले चौकोन मोजा. शलतीएलपासून येशूपर्यंत तेराच भरतात. चौदा करायला यखन्याला दोन्हीकडे धरावं लागतं, आणि तक्त्यात नेमकं तेच गुपचूप केलेलं आहे, त्याचा चौकोन अर्धा हिरवा अर्धा पिवळा.

मधल्या रंगात योरामाखाली थेट उज्जीया. पण बायबलच्याच ‘१ इतिहास’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात त्या दोघांमध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या असे तीन राजे आहेत. उज्जीया तिथे अजऱ्या या नावाने येतो. तीन पिढ्या गायब! माझ्या फायलीत हे झालं असतं तर पडताळणी समितीने पहिल्याच छाननीत परत पाठवली असती. मत्तयाला हे माहीत नव्हतं असं नाही. इब्रीत ‘पुत्र’ म्हणजे नातू-पणतूही चालतो, आणि त्याला चौदा पाहिजे होते. दावीद हे नाव इब्री अक्षरांत लिहिलं तर द, व, द. त्या अक्षरांची किंमत ४, ६ आणि ४, बेरीज १४. या चौदातून मत्तयाने दावीदावर जोर दिला असं पुष्कळ अभ्यासक मानतात. हे सांगायला किती जागा लागली असती? एक तुटक रेघ आणि तीन फिकी नावं. तक्त्याने मात्र सरळ जाड रेघ ओढून टाकली.

दुसरी वंशावळ देणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानाच्या बाबतीत तर कमालच. मत्तयात मरीयेचा नवरा योसेफ याचा बाप याकोब (वरचा बारा मुलांचा याकोब नव्हे), लूकमध्ये एली. मत्तयाची रेघ शलमोनाकडून येते, लूकची दावीदाच्या दुसऱ्या मुलाकडून, नाथानकडून. शलतीएल आणि जरुब्बाबेल या दोन नावांवर त्या एकदा भेटतात आणि पुन्हा फुटतात. तक्त्याने लूकच्या रेघेला गुलाबी रंग देऊन वर छापलं, ‘मरीयेची वंशावळ’. लूकच्या त्या यादीत मरीयेचं नावच नाही. तो एक तर्क आहे, जुना आणि आदराचा, पण तर्क. त्याहून जुना तर्क तिसऱ्या शतकातल्या आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाचा: याकोब आणि एली एकाच आईचे, पण वेगळ्या बापांचे दोन मुलगे, एक निपुत्रिक मेला, दुसऱ्याने शास्त्राप्रमाणे त्याच्या विधवेशी लग्न केलं, म्हणून योसेफाचा जन्मदाता बाप एक आणि कायद्याने बाप दुसरा. दत्तकाच्या फायली हाताळलेल्या माणसाला हे लगेच पटतं. मला कुठला तर्क पटतो ते सोडा. दोन कागदांत दोन नावं आहेत हे बघणाऱ्याला दिसायला हवं. विसंगती लपवलेली वंशावळ मी तरी अपुरी समजतो.

बायकांच्या बाबतीत तक्ता उदार आहे, हे मान्य. तामार, राहाब, रूथ, तिघींना स्वतंत्र गोल दिला आहे. चौथीचं नाव मत्तय घेतच नाही, ‘उरीयाची बायको’ एवढंच म्हणतो. तक्त्यात ‘बथशेबा’ छापून कंसात ‘उरीयाची पत्नी’ ठेवलंय. चांगलं केलं. आमच्या शपथपत्रात वडिलांकडचीच रेघ चालते, आज्यांची नावं कागदावर असली तर असली.

एक नसलेली गोष्ट मला सगळ्यात जास्त सलली. तक्त्याच्या कोपऱ्यात ‘वंशावळींचे महत्त्व’ असा परिच्छेद आहे, गोड गोड. त्यात बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकातल्या दुसऱ्या अध्यायाचा उल्लेखच नाही! बाबेलहून लोक परत आले तेव्हा हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय या याजक घराण्यांनी आपल्या वंशावळीची नोंद शोधली, ती सापडली नाही आणि त्यांना याजकपणातून बाद केलं. उरीम आणि थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) घेऊन कौल देणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र पदार्थ खायचे नाहीत, असा हुकूम निघाला. म्हणजे प्रकरण प्रलंबित! यातल्या बर्जिल्लय घराण्याच्या मूळपुरुषाने बायकोच्या माहेरचं आडनाव घेतलं होतं, असं तिथेच लिहिलंय. तो कागद का सापडला नसेल याचा अंदाज मला टेबलावर बसून येतो. सासऱ्याच्या नावाची रेघ आणि बापाच्या नावाची रेघ जुळवताना आमच्याकडेही कित्येक फायली अशाच अडकतात.

आणखी एक सूचना, तक्तेवाल्यांनी पुढच्या आवृत्तीत घ्यावी. शास्त्राबाहेरचा पुरावा कोणत्या नावाला आहे ते ताऱ्याने दाखवा. उत्तर इस्राएलमध्ये तेल दान इथे १९९३ मध्ये सापडलेल्या शिलालेखात ‘दावीदाचं घराणं’ असे शब्द वाचले गेले आहेत. यरुशलेमच्या उत्खननातून आलेला मातीचा शिक्का २०१५ मध्ये जाहीर झाला, त्यावर ‘हिज्कीया, आहाजचा, यहूदाचा राजा’ असं आहे. बापाचं नाव आणि पद, दोन्ही! आणि यखन्याला बाबेलमध्ये तेलाचा शिधा दिल्याच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर मिळाल्या, त्यात त्याच्या पाच मुलांचाही शिधा लिहिला आहे. शिधापत्रिकाच म्हणा. अशी तीन नावं ताऱ्याने उजळली असती तर तक्त्याची किंमत दुप्पट लावली तरी मी दिली असती. मथुशलहपुढे तारा नसता, तर नसता. त्याने कोणाचा विश्वास डळमळत नाही.

तर घ्यावा का? संडे स्कूलच्या भिंतीसाठी, याकोबाच्या घराची चौकट आणि आयुष्याच्या पट्ट्या यांसाठी, घ्या. नावांचे अर्थ शिकायला म्हणून एकट्याने घेऊ नका, सोबत मराठी शास्त्र आणि एखादा जाणकार पाळक ठेवा. मी माझ्या तक्त्यावर मार्करने योराम आणि उज्जीया यांच्यामध्ये तीन नावं लिहिली आहेत आणि सोनेरी चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवली आहे. लॅमिनेशनवर साधं शाईपेन चालत नाही, परमनंट मार्कर लागतो.

घेताना घडी घातलेला देतील तर नको म्हणा, गुंडाळीतला मागा. घडीची रेघ नेमकी नाथानवरून जाते आणि ते नाव वाचता येत नाही. विना-लॅमिनेशनचा २०० रुपयांतही मिळतो, पण तो काउंटरच्या खालून काढून देतात, विचारावं लागतं.