आरडब्ल्यूएस आर-१० मॅच (पिस्तूल, ०.४५ ग्रॅम): डबी चांगली, पण साइझ तपासूनच घ्या

दहा मीटर एअर पिस्तूल खेळणाऱ्यांच्या बॅगेत ही डबी हमखास सापडते. ४.५ मिमी कॅलिबर, ०.४५ ग्रॅम वजन, चपट्या तोंडाची पेलेट (शिशाची छोटी गोळी), डबीत ५०० नग, जर्मन बनावट. एका मॅचचे ६० शॉट आणि आधीचे वीसेक सायटिंग शॉट (निशाणा जुळवून घ्यायचे) धरले, तर एका डबीत सहा मॅच होतात. सरावाच्या पेलेटपेक्षा ही बरीच महाग पडते, त्यामुळे मुलगा-मुलगी जिल्हास्तरावर खेळायला लागली की घरोघरी प्रश्न निघतो: घ्यायची का? घ्यायची. मात्र डबीवर छापलेली हेड साइझ, म्हणजे पेलेटच्या तोंडाचा व्यास, आपल्या बॅरलला जुळते का, हे पाहून मगच.

कारण या पेलेटचं खरं मोल ग्रुपपेक्षा, म्हणजे छिद्रं किती जवळजवळ पडतात यापेक्षा, लोडिंगमध्ये जाणवतं. पेलेट भरायची लिव्हर बंद करताना हाताला लागणारा जोर प्रत्येक शॉटला सारखा असतो. पेलेट त्याच खोलीला बसते, मागून हवा त्याच प्रकारे धरते आणि वेग सारखा राहतो. क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांच्या नाशिकमध्ये एकाग्रतेवर भरपूर आणि चांगलं बोललं जातं. पेलेट बॅरलमध्ये कशी बसते यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. आठ-नऊच्या रिंगमध्ये फिरणाऱ्या मुलाला वाटतं की हात हलला. कितीतरी वेळा दोष लोडिंगचा असतो.

हेड साइझबद्दल. आर-१० साधारणपणे ४.४८, ४.४९ आणि ४.५० मिमी अशा मापांत येते. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. घरच्या डिजिटल व्हर्नियरने हे मोजायच्या भानगडीत पडू नका. त्याची स्वतःची चूकच याहून जास्त असते, शिवाय शिसं मऊ, जबड्यात धरलं की दबतं. ‘सगळे ४.५०च नेतात’ हे दुकानदाराचं म्हणणंही उपयोगाचं नाही. एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांना वेगळी साइझ लागू शकते. खात्रीचा उपाय एकच: पिस्तूल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) कापड गुंडाळून बसवायचं, प्रत्येक साइझचे पाच-पाच शॉटचे निदान तीन ग्रुप दहा मीटरवर काढायचे आणि छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं. सात मिमीच्या आत सातत्याने येत असेल तर ती साइझ तुमची. दहाची रिंग ११.५ मिमीची असते, म्हणजे बाकीची जागा हाताच्या हालचालीला उरते. यासाठी पूर्ण डब्या विकत घ्यायची गरज नाही, रेंजवरच्या खेळाडूंकडून वीस-वीस पेलेट मागून घ्या.

आता बसण्याच्या तक्रारी. लिव्हर शेवटच्या टप्प्यात अडली तर जोर लावू नका. जोराने स्कर्ट, म्हणजे पेलेटची मागची पातळ घेरदार कड, चेपते आणि पेलेट पुढे ढकलणारा प्रोब वाकायची भीती असते. बॅरल टार्गेटकडेच ठेवून लिव्हर उघडा, पेलेट खाली पाडा आणि तिचं तोंड बघा. एका बाजूला चमकदार ओरखडा असेल तर ती खाचेत तिरकी पडली होती. स्कर्ट अंडाकृती दिसला तर ती बाजूला टाका. मग दुसऱ्या तीन पेलेट घालून बघा. तिन्ही सहज गेल्या तर दोष त्या एकीचाच होता. तिन्ही अडल्या तर ब्रीचच्या, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडाच्या, कडेला शिशाचा कीस साचलाय: पुल-थ्रूला (बॅरल साफ करायच्या दोरीला) फेल्टचा तुकडा लावून ब्रीचकडून तोंडाकडे ओढा, उलट नको. साफ करूनही अडत असेल तरच एक साइझ खाली या. सफाईनंतरचे पहिले दहा-पंधरा शॉट थोडे भरकटतात, तेवढ्यावरून साइझ बदलू नका.

उलट प्रकार जास्त फसवा, कारण त्यात काहीच अडत नाही. पेलेट जोर न लागता आत सरकते, हाताला छान वाटतं आणि टार्गेटवर शॉट वर-खाली पसरतात. ही सैल साइझ असू शकते, एक पायरी वर जाऊन बघा. पण त्याआधी ओ-रिंग, म्हणजे ब्रीचवरची हवा अडवणारी रबरी कडी, तपासा. ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू कागदाची बारीक पट्टी ठेवून टार्गेटवर एक शॉट मारा. पट्टी फडफडली तर हवा मागे गळतेय, आणि मग कुठलीही महाग पेलेट घेतली तरी फरक पडणार नाही.

शॉट सुटला पण टार्गेटवर छिद्र नाही, असं झालं की लगेच दुसरी पेलेट घालायची चूक नवखे करतात. आधी थांबा. हवेच्या सिलिंडरचा दाब किमान मर्यादेखाली गेला असेल तर पेलेट बॅरलमध्येच राहते. लिव्हर दोनदा उघडली गेली असेल तर एकामागे एक दोन बसतात. सिलिंडर काढून, कोचसमोर, बॅरलच्या मापाच्या रॉडने हळू ढकलून बाहेर काढा. खिळा किंवा सायकलची तार घालू नका, रायफलिंगवर (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांवर) आलेला ओरखडा कायमचा राहतो.

पेलेट निवडायची सोपी रीत: काचेवर हलकेच घरंगळत सोडा. तोंड आणि स्कर्टचा घेर वेगळा असल्याने चांगली पेलेट गुळगुळीत वळण घेत जाते, चेपलेली लंगडते. आर-१०च्या डबीत अशा लंगड्या कमी निघतात, पण कुरिअरने आलेली डबी आपटलेली असेल तर तिच्यातही निघतात. सराफ बाजारात मिळतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा आणून एकेक तोलत बसण्यापेक्षा ही काच जास्त कामाची.

पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर शिशावर पांढरट भुकटी येते, बसणं बिघडतं आणि ती हाताला लागते. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. पेलेट ओठांत धरायची सवय मुलांना लागू देऊ नका, रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुऊनच जेवणाचा डबा उघडायचा.

रोजच्या सरावाला ही जाळणं परवडत नाही. याच कंपनीची मायस्टरकुगेल पिस्तूल पेलेटही ०.४५ ग्रॅमचीच आहे. सराव तिच्यावर आणि मॅचच्या आधीचे आठ-दहा दिवस आर-१०वर, अशी विभागणी चालते; बदलताना सायटचे (निशाणा सरकवायच्या स्क्रूचे) क्लिक नव्याने बघा. बॅरलला आर-१० कुठल्याच साइझमध्ये जुळली नाही तर एच अँड एन फिनाले मॅच लाइट लावून पाहायला हरकत नाही.

घेताना डबीवरचा लॉट नंबर बघा आणि ग्रुप जुळलेल्या लॉटच्या शक्य तितक्या डब्या एकदम घ्या. हा माल आयात होऊन येतो, महिन्याभराने तोच लॉट मिळेल याचा भरवसा नसतो.