आजी, मावशी की पाळणाघर? रजा संपत आलेल्या आईबाबांसाठी

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले सहा-आठ आठवडे आधीच घेतलेले असतील, तर कामावर परतायच्या दिवशी बाळाचं उष्टावणही झालेलं नसतं. मग घरात रोज एकच चर्चा: कोणाकडे ठेवायचं?

माझ्या मुलीला सासूबाईंनी सांभाळलं. धाकट्यासाठी आधी मावशी घरी येत होत्या, नंतर तो पाळणाघरात जाऊ लागला. तिन्ही वाटा चालून झाल्यावर मला वाटतं, कोणती सोय चांगली यापेक्षा बाळ किती महिन्यांचं आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

वर्ष-दीड वर्षापर्यंत माझं झुकतं माप आजीला. साधारण आठव्या महिन्यापासून बाळाला परकं माणूस कळू लागतं, आई नजरेआड झाली की ते कासावीस होतं. त्या काळात हात रोजचेच असले की ते लवकर शांत होतं. सर्दी-ताप कमी होतात, दुपारची झोप मोडत नाही, काढून ठेवलेलं दूध कोणी किती वाजता पाजलं याचा हिशेब राहतो. (हे दूध फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं. बाहेर चार तासांच्या वर ठेवू नये, आपल्या उन्हाळ्यात तर त्याहून लवकर संपवावं.)

पण आजीकडे ठेवायचं तर दोन गोष्टी आधी स्पष्ट बोलाव्या लागतात. एक खाण्याची. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, त्यामुळे गुटी नको. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, कारण त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. हे सुनेनं सांगितलं की लागतं, म्हणून आमच्याकडे लसीकरणाच्या दिवशी सासूबाईंना सोबत नेलं आणि डॉक्टरांनीच समजावलं. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. दुसरी गोष्ट त्यांच्या तब्येतीची. रांगणाऱ्या मुलामागे दहा तास धावणं साठीनंतर सोपं नसतं. त्या कधीच ‘दमले’ म्हणणार नाहीत, ते आपण ओळखायचं. वरकामाला बाई लावा, आठवड्यातला एक दिवस त्यांना पूर्ण मोकळा द्या, आणि शनिवार-रविवारी बाळ पुन्हा त्यांच्याच मांडीवर टाकू नका.

आजी-आजोबा गावाला असतील तर घरी येणाऱ्या मावशी. बाळ आपल्याच घरात राहतं, हा मोठा फायदा. पण मावशी आजारी पडल्या किंवा सणाला गावी गेल्या की दुसरं कोणी नसतं, आणि दिवसभर घरात दोघंच. आमच्या मावशी मायाळू होत्या, पण धाकटा मोबाईलवरची गाणी पाहत जेवायला शिकला, ते आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्हीचा पडदा नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. सोबत घरातलं मोठं माणूस असेल तरच मी हा पर्याय सुचवेन.

दीड-दोन वर्षांनंतर मात्र पारडं पाळणाघराकडे झुकतं. मुलाला आता मुलं हवी असतात. घरी वरणभाताला तोंड फिरवणारा माझा मुलगा तिथे रांगेत बसून स्वतःच्या हाताने जेवू लागला, शू सांगायलाही तिथेच शिकला. सुरुवातीचे काही महिने एकामागून एक सर्दी चालू राहते, त्याची तयारी आणि थोडी शिल्लक रजा हवी.

पाळणाघर पाहायला दुपारी, मुलं जागी होण्याच्या वेळेला जा. तेव्हा किती मुलांमागे किती ताया आहेत ते दिसतं. तीन वर्षांखालच्या दहा मुलांना एक, याहून कमी ताया असतील तर मी नको म्हणेन, आणि अगदी तान्ह्यांसाठी दहाही मला जास्तच वाटतात. टीव्ही चालू आहे का पाहा. आम्ही पाहिलेलं पहिलं पाळणाघर चकचकीत होतं, पण मुलं टीव्हीसमोर ओळीने बसलेली होती. आम्ही दुसरं निवडलं, जुन्या वाड्यातलं. तिथल्या काकूंनी आम्हाला फी सांगण्याआधी ‘झोपताना काय लागतं त्याला?’ असं विचारलं. आणखी एक: ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. ऑफिसात हे नक्की विचारा. आपण विचारलं नाही तर सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

पहिला आठवडा पूर्ण दिवस ठेवू नका. एक तास, दोन तास, मग जेवणापर्यंत. निघताना लपून जाऊ नका. ‘येते मी’ म्हणून जा, रडलं तरी.

शाळा सुरू झाली की गणित सोपं होतं. मुलगी आता दुसरीत आहे. शाळेतून थेट आजीकडे जाते, जेवते, आणि चार वाजता दोघी मिळून धाकट्याला पाळणाघरातून आणतात.